मोटरीचा वेग बदलायचा तर वीजच नवी घडवावी लागते

५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तने करणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या साध्या थ्री-फेज मोटरींच्या नेमप्लेट पाहिल्या, तर वेगाचे ठरावीक आकडेच दिसतात: २८८०, १४४०, ९६० किंवा त्यांच्या अगदी जवळपासचे. मिनिटाला २००० किंवा १२०० फेरे घेणारी अशी मोटर शोधूनही मिळत नाही. मोटर बनवणाऱ्याने कितीही ठरवले तरी तो ती बनवू शकत नाही, कारण हा आकडा त्याच्या हातात नसतोच. तो विजेच्या फ्रिक्वेन्सीने आधीच ठरवलेला असतो.

मोटरीच्या स्थिर भागात, म्हणजे स्टेटरमध्ये, तीन फेजची वाइंडिंग एकमेकींपासून ठरावीक कोनात बसवलेली असतात. तीन फेजमधले प्रवाह एकाच वेळी शिखर गाठत नाहीत. एकामागून एक, आवर्तनाच्या एक तृतीयांश अंतराने गाठतात. त्यामुळे स्टेटरमध्ये काहीही हलत नसताना आतले चुंबकीय क्षेत्र मात्र गोल फिरू लागते. त्याच्या फिरण्याचा वेग साध्या सूत्राने निघतो: फ्रिक्वेन्सीला १२० ने गुणायचे आणि पोलच्या, म्हणजे वाइंडिंगने तयार होणाऱ्या चुंबकीय ध्रुवांच्या, संख्येने भागायचे. चार पोल आणि ५० हर्ट्झ, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. पोल जोडीनेच येतात, म्हणून दोन पोलला ३०००, चारला १५००, सहाला १०००. मधल्या वेगांना जागाच नाही.

मग नेमप्लेटवर १५०० ऐवजी १४४० का? फिरणाऱ्या रोटरमध्ये ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या पट्ट्यांचा पिंजरा असतो आणि त्याला बाहेरून एकही तार जोडलेली नसते. फिरते क्षेत्र या पट्ट्यांना छेदून जाते, तेव्हा त्यांच्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहामुळेच रोटर ओढला जातो. रोटरने क्षेत्राला गाठले, तर छेदणे थांबेल, प्रवाह थांबेल आणि ओढही संपेल. म्हणून तो कायम थोडा मागे राहतो. ही ६० फेऱ्यांची तूट म्हणजे स्लिप. भार वाढला की स्लिप वाढते, पूर्ण भारापर्यंत ती सहसा काही टक्क्यांतच राहते.

गॅलिलिओ फेरारिस आणि निकोला टेस्ला यांनी फिरत्या क्षेत्राची कल्पना १८८८ मध्ये प्रसिद्ध केली आणि लगेच १८८९ मध्ये मिखाईल डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी पिंजऱ्याच्या रोटरची थ्री-फेज मोटर तयार केली. फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ब्रश नाहीत, ठिणग्या नाहीत, झिजण्यासारखे बेअरिंगखेरीज फारसे काही नाही. अशी दणकट मोटर हाती आली, पण ती एकाच वेगाची. वेग बदलायची गरज असेल तिथे पुढची कित्येक दशके ब्रशवाली डीसी मोटर सांभाळावी लागली. पंप आणि पंख्यांच्या बाबतीत तर मोटर पूर्ण वेगाने चालवून पुढे व्हॉल्व्ह किंवा डॅम्पर, म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप, आवळणे हाच सर्रास उपाय होता.

नुसते व्होल्टेज कमी करून भागणार नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. व्होल्टेज निम्मे केले तर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, एक चतुर्थांश होतो, पण चुंबकीय क्षेत्राचा वेग तसूभरही बदलत नाही. रोटर मागे पडतो तो केवळ स्लिप वाढल्यामुळे, आणि वाढलेली स्लिप म्हणजे रोटरमध्ये वाढलेली उष्णता. छतावरच्या पंख्याचा रेग्युलेटर हेच करतो. तिथे ते चालून जाते, कारण पंखा लहान असतो आणि वेग घटला की त्याचा भारही झपाट्याने घटतो. मोठ्या मोटरीला हा मार्ग परवडत नाही. तिच्यासाठी फ्रिक्वेन्सीच बदलावी लागते, आणि लाइनवरून येणारी फ्रिक्वेन्सी तर आपल्या हुकमात नसते.

व्हीएफडी, म्हणजे व्हेरिएबल फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह, ही अडचण मुळापासून सोडवतो. तो येणारी एसी आधी मोडून डीसी करतो आणि त्या डीसीतून हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी नव्याने घडवतो. पहिले काम सहा डायोडचे, ते प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतात. ४०० व्होल्टच्या थ्री-फेज लाइनमधून साधारण ५४० व्होल्टची डीसी मिळते आणि कपॅसिटर तिच्यातले चढउतार सपाट करतात. खरे कौशल्य दुसऱ्या टोकाला आहे. तिथे प्रत्येक फेजला दोन, असे सहा आयजीबीटी असतात. हे अतिवेगवान स्विच आहेत. त्यांना अर्धवट उघडे ठेवता येत नाही, तसे केले तर ते स्वतःच तापून जळतील. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद, एवढ्या दोनच अवस्थांत ते सुरक्षित असतात.

मग दोनच अवस्थांतून गोलाईदार लाट कशी काढायची? स्विच सेकंदाला हजारो वेळा, बहुधा २ ते १६ किलोहर्ट्झने, चालू-बंद होतात. प्रत्येक स्पंदाची उंची सारखीच, फक्त रुंदी बदलत जाते. लाटेचे शिखर हवे तिथे स्पंद रुंद, उतारावर अरुंद. मोटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज पाहिले, तर तिथे लाट नसतेच, नुसते उभे चिरलेले तुकडे असतात. पण वाइंडिंगचे इंडक्टन्स प्रवाहाला झटकन बदलू देत नाही. जड चाकाला राहून राहून हाताने ढकलले तरी ते धक्क्याधक्क्याने न फिरता एकसंध फिरते, तसा प्रवाह त्या तुकड्यांमधून जवळजवळ निर्दोष साइन लाट बनून वाहतो. मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते: लाट घडवण्याचे अर्धे काम मोटर स्वतः करते. ड्राइव्हवरच्या मोटरीतून येणारा बारीक शिट्टीसारखा आवाज याच स्पंदांचा असतो.

फ्रिक्वेन्सी बदलली की काम संपले असे मात्र नाही. मोटरीतले चुंबकत्व व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी यांच्या गुणोत्तरावर ठरते. ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या मोटरीला हे गुणोत्तर ८ पडते. फ्रिक्वेन्सी २५ करून व्होल्टेज ४०० च ठेवले, तर चुंबकत्व दुप्पट व्हायला पाहील, लोखंडाला ते पेलणार नाही आणि प्रवाह बेसुमार वाढेल. म्हणून २५ हर्ट्झला २०० व्होल्टच द्यायचे. अगदी कमी फ्रिक्वेन्सीला व्होल्टेजचा मोठा वाटा वाइंडिंगच्या रोधातच खर्च होतो, तेव्हा ड्राइव्ह थोडे जास्तीचे व्होल्टेज देतो. ५० च्या वर गेल्यावर व्होल्टेज लाइनच्या मर्यादेला अडते, चुंबकत्व क्षीण होत जाते आणि वेग वाढला तरी टॉर्क घटतो.

याच हिशोबातून सुरुवातीचा झटकाही नाहीसा होतो. थेट लाइनवर चालू केलेली मोटर नेहमीच्या ६ ते ८ पट प्रवाह ओढते, कारण त्या क्षणी रोटर थांबलेला आणि क्षेत्र पूर्ण वेगात. ड्राइव्ह एक-दोन हर्ट्झपासून सुरुवात करतो, स्लिप पूर्ण वेळ आटोक्यात राहते.

डॅनफॉस या डॅनिश कंपनीने १९६८ मध्ये फ्रिक्वेन्सी बदलणारे ड्राइव्ह मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली. त्याच सुमारास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी व्हेक्टर कंट्रोलचा पाया घातला. मोटरीत जाणाऱ्या प्रवाहाचे गणिताने दोन घटक करायचे, एक चुंबकत्व राखणारा आणि दुसरा टॉर्क देणारा, आणि दोन्ही वेगवेगळे हाताळायचे. सेकंदाला हजारो वेळा हा हिशोब करणारे मायक्रोप्रोसेसर आल्यावर पिंजऱ्याची मोटर डीसी मोटरीइतकी आज्ञाधारक झाली.

विजेच्या बचतीचे गणित पंप आणि पंख्यांत सर्वांत ठळक दिसते. जगातल्या विजेचा जवळपास निम्मा वाटा मोटरी वापरतात. सेंट्रिफ्युगल पंपाची शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेग ८० टक्क्यांवर आणला तर शक्ती सुमारे ५१ टक्के लागते. पण हा नियम सरसकट लावणे चूक आहे. पाणी उंच टाकीत चढवायचे असेल, तर ठरावीक वेगाच्या खाली ते वर पोहोचतच नाही. कन्व्हेयरला टॉर्क कायम लागतो, तिथे शक्ती वेगाच्या प्रमाणातच घटते. आणि जी मोटर दिवसभर पूर्ण वेगानेच चालायची आहे, तिला ड्राइव्ह लावला तर त्याच्या स्वतःच्या दोन-तीन टक्के हानीची भर पडते.

ते चिरलेले स्पंद काही त्रासही देतात. केबल लांब असेल तर ते मोटरीकडून परावर्तित होतात आणि टर्मिनलवर व्होल्टेज जवळपास दुप्पट होऊ शकते, त्यात इन्सुलेशन जाते. शाफ्टवर साचलेला विद्युतभार बेअरिंगच्या ग्रीसमधून ठिणग्यांनी निसटतो आणि कालांतराने तिथे बारीक खाचांची रांग उमटते. इन्सुलेटेड बेअरिंग किंवा शाफ्टला अर्थिंगचा ब्रश लावून हे टाळता येते. मोटरीचा स्वतःचा पंखा शाफ्टवरच असल्याने कमी वेगात थंडावा घटतो, अशा ठिकाणी वेगळा पंखा बसवावा लागतो. आणि मेन स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज काही मिनिटे टिकून असते. म्हणून ड्राइव्हवर लिहिलेला वेळ पूर्ण थांबून, मीटरने कपॅसिटरवरचे डीसी व्होल्टेज तपासल्याशिवाय आत हात घालायचा नसतो.