पुण्याहून मुंबईला बोटीने: मांडव्याच्या फेरीमागची जुनी गोष्ट

पुण्यातून एका दिवसात मुंबई करून यायची म्हटलं की कोणीही डेक्कन क्वीन नाहीतर एक्स्प्रेसवे सांगेल, पण हल्ली आमच्या ओळखीतले बरेच जण उलटा वळसा घ्यायला लागलेत. पहाटे चारला गाडी काढायची, खोपोली, पेण, वडखळ करत अलिबागच्या बाजूने मांडव्याला पोचायचं, गाडी तिथेच लावायची आणि लाँचने तासाभरात थेट गेटवेला उतरायचं, दिवसभर फोर्ट-काळा घोडा-कुलाबा पायी हिंडायचं आणि संध्याकाळच्या बोटीने परत मांडवा. रस्त्याने मुंबई-अलिबाग शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, पाण्यावरून जेमतेम वीस. प्लॅन करायला बसलं की मात्र दर वेळी तेच प्रश्न येतात, पावसाळ्यात गेटवेची बोट बंद का असते, एवढं ऊन असताना लाइफ जॅकेट घालायची सक्ती कशाला, गाडी बोटीत घालता येते तर ती बोट गेटवेला का जात नाही. या सगळ्याची उत्तरं जुनी आहेत, काही फार वाईट दिवसांतून आलेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

पहिली गोष्ट म्हणजे पुण्याच्या माणसाने मुंबईला बोटीने जाणं यात नवीन काहीच नाही. रेल्वे येईपर्यंत तोच मुख्य रस्ता होता! मुंबई हे बेटच, त्यामुळे बोरघाट उतरून पनवेलला यायचं आणि पनवेलच्या खाडीतून होडीने मुंबई गाठायची. भरती असेल तेव्हाच होडी हलणार, वारा पडला की तिथेच बसून राहायचं, त्यामुळे मुंबईला कधी पोचणार हे घरून निघताना कोणी छातीठोक सांगू शकत नसे. घाटातून बैलगाडी जाईल असा रस्ता १० नोव्हेंबर १८३० ला गव्हर्नर जॉन माल्कमने खुला केला, त्याआधी पालखी, तट्टू नाहीतर लमाणांचे बैल. पनवेल त्या काळात गाड्यांच्या चाकांसाठी प्रसिद्ध होतं. देशावरचा गाडीवान माल घेऊन घाट उतरायचा, माल बंदरावर उतरवायचा आणि परत जाताना चाकांची नवी जोडी घेऊन जायचा. मला हे वाचल्यापासून पनवेलचा एसटी स्टँड बघताना दर वेळी ती चाकं आठवतात.

मग रेल्वे आली आणि हे सगळं बघता बघता संपलं. १८५३ ला मुंबई-ठाणे, १८५६ ला खोपोलीपर्यंत, १८५८ ला वरच्या अंगाला खंडाळा-पुणे, मधला घाट मात्र अजून पालखीने नाहीतर तट्टावरून चढायचा, आणि १८६३ ला बोरघाटातून रूळ जोडले गेले. तिथून पुढे पुणेकराचा आणि समुद्राचा संबंध तुटला असं माझं मत आहे. नाहीतर आपल्याकडे समुद्र काही एवढा परका नव्हता. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरच्या लढाईत होळकरांकडून हार झाल्यावर दुसरा बाजीराव पुणं सोडून कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे वसईला पोचला, ३१ डिसेंबरचा वसईचा तह त्यानंतरचा. पेशवाईच्या शेवटाची सुरुवात त्या बोटीच्या प्रवासाने झाली, शाळेत तहाची कलमं पाठ केली पण हा प्रवास कोणी सांगितला नव्हता.

पुण्याला रेल्वे मिळाली पण कोकणाला नाही, त्यामुळे तिकडे बोटच राहिली आणि होड्यांच्या जागी आगबोटी आल्या. भाऊचा धक्का म्हणतात तो लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ रसूल यांच्या नावाने, एकोणिसाव्या शतकात त्यांनी माझगावच्या बाजूला प्रवाशांना उतरता येईल असा धक्का बांधून घेतला. किनाऱ्यावर सगळ्यात मोठी कंपनी म्हणजे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन, तिला कोकणात शेपर्ड कंपनी म्हणायचे. स्वदेशीच्या चळवळीत आपल्या लोकांनी तिच्यासमोर सहकारी तत्त्वावर बोट कंपनी काढली, लोक प्रेमाने तिला ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणायचे. बोटींना नावं तुकाराम, रामदास अशी संतांची. मला हे नाव फार आवडतं, ‘माझी’ आगबोट.

माझी आजी दाभोळकडची, लग्न होऊन पुण्यात आली. तिच्या सांगण्यात बोट म्हणजे दोन गोष्टी, पडाव, म्हणजे छोटी होडी, आणि बोट लागणे, म्हणजे मळमळणं. कोकणातल्या बऱ्याच बंदरांत आगबोट किनाऱ्याला लागत नसे, ती लांब खोल पाण्यात उभी, मग पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि हेलकावे खात असताना लाट वर आली की त्या क्षणी वर पाय टाकायचा. खलाशी मनगट धरायचा, बोटं नाही, मनगट. आजी म्हणते बोटं धरली तर निसटतात. आज मांडव्याच्या जेट्टीवर लाँच टायरांना घासत वरखाली होत असते तेव्हा तिथला पोरगा पण बरोब्बर मनगटच धरतो, नीट बघा एकदा.

आता ज्या दिवसामुळे मला हे लिहावंसं वाटलं तो. १७ जुलै १९४७, स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता. गटारी अमावस्येचा सण तोंडावर, त्यामुळे रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून सकाळी आठच्या सुमाराला रेवसला निघाली ती घरी जाणाऱ्या चाकरमान्यांनी भरून. भर पावसाळा, अमावस्येचं उधाण, वारा. रेवस म्हणजे आजच्या मांडव्याच्या शेजारचं बंदर, धक्क्यावरून दीड तासाचा प्रवास. काश्याच्या खडकाजवळ बोट एका अंगाला कलली, घाबरलेली माणसं एकाच बाजूला गेली आणि निघाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला कळलंच नाही, दुपारनंतर वाचलेला एक पोरगा पोहत किनाऱ्याला लागला तेव्हा बातमी फुटली असं सांगतात. रेवसकडून मासे घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी मिळतील तेवढी माणसं होड्यांत ओढून घेतली, वाचले ते बरेचसे त्यांच्यामुळे. अलिबाग, मुरूड, पेण, रोह्याकडची गावंच्या गावं सुतकात होती.

आणि हे पहिल्यांदा घडलेलं नव्हतं. ११ नोव्हेंबर १९२७ ला जयंती आणि तुकाराम या दोन्ही बोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. त्यातून जे शिकायला हवं होतं ते वीस वर्षांत शिकलं गेलं नाही, याचा मला आजही राग येतो. रामदासनंतर मात्र बोटींवर वायरलेस ठेवणं आलं, पावसाळी प्रवासी फेऱ्यांवर कडक निर्बंध आले. तेव्हा जूनपासून साधारण ऑगस्ट अखेरपर्यंत गेटवे-मांडवा लाँच बंद दिसली की चिडू नका. कोळी लोक तर नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय समुद्रात होडी घालतच नव्हते, त्यांना हे कोणी सांगावं लागलं नाही.

पुढची गोष्ट पटकन सांगते. मुंबई-गोवा बोट ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बंद पडली, एसटी आणि ट्रकने किनारा घेतला, कोकण रेल्वे नंतर आली. मुंबई बंदरातल्या छोट्या फेऱ्या तेवढ्या टिकल्या. मांडव्याच्या जेट्टीवर कॅटमरान यायला लागल्या आणि रेवसचं महत्त्व कमी होऊन मांडवा वर आलं. १५ मार्च २०२० ला रोरो सुरू झाली, म्हणजे पोटात गाड्या घेणारी मोठी बोट, आणि लगेच लॉकडाऊन लागल्यामुळे बंद ठेवावी लागली, मग त्याच वर्षी परत सुरू झाली. ती भाऊच्या धक्क्याला लागते कारण गाड्या उतरवायला रॅम्प लागतो, गेटवेला तशी सोयच नाही. जहाज मोठं असल्यामुळे पावसाळ्यातही हवा बघून ती चालते. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला, पुण्याहून मुंबई आणखी जवळ आली, पण त्याने बोटीची गरज गेली असं मला वाटत नाही.

लाइफ जॅकेटचं कारण अगदी अलीकडचं आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ माणसं गेली. शांत समुद्र, भर दुपार, हिवाळा, वादळाचा संबंध नाही. त्यानंतर जॅकेट घाला म्हणून मागे लागतात ते बरोबरच आहे. गरम होतं, फोटो चांगला येत नाही, तरी घाला, आणि लहान मूल असेल तर त्याच्या मापाचं बसण्याआधीच मागून घ्या.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि जाताना तरी लाँचने गेटवेलाच उतरा. गेटवेचं काम पूर्ण झालं १९२४ ला, ते बांधलंच समुद्रातून येणाऱ्यासाठी, आपण कायम मागून टॅक्सीने येऊन बघतो. २८ फेब्रुवारी १९४८ ला ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडली. मांडव्याहून निघाल्यावर दक्षिणेला थळच्या समोर खांदेरीचा किल्ला आहे हे लक्षात ठेवा, महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतला, इंग्रज आणि सिद्दी दोघे अडवायला आले आणि महाराजांच्या आरमारातल्या मायनाक भंडाऱ्यांनी तो राखला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. परतीची शेवटची बोट किती वाजता हे सकाळीच खिडकीवर विचारून ठेवा, आमची एकदा वीस मिनिटांनी चुकली आणि रात्री पनवेलवरून फिरून गाडी आणायला मांडव्याला जावं लागलं.

गेल्या जानेवारीत आजीला रोरोने नेलं, गाडीसकट, म्हणजे तिला चढउतार नको. तिने पदराला आवळासुपारी बांधून आणली होती, बोट लागली तर म्हणून. मांडव्याला गाडी सरळ बोटीत शिरली तेव्हा ती दोनदा म्हणाली, अगं पण पडाव कुठंय. वर डेकवर खुर्चीत बसून अख्खा तास ती रेवसच्या बाजूला बघत होती, काही बोलली नाही. भाऊच्या धक्क्याला लागताना मासळीचा वास आला तेव्हा म्हणाली, हां, आली मुंबई, आणि पदराची गाठ सोडून एक सुपारी मला दिली.