उदरीय गर्भधारणा : ओळख आणि निदान

गर्भ गर्भपिशवीत न रुजता बाहेर पोटाच्या पोकळीत रुजला की त्याला उदरीय गर्भधारणा म्हणतात. एक्टोपिकच्या, म्हणजे गर्भपिशवीबाहेर रुजलेल्या गर्भधारणेच्या, ९० टक्क्यांहून जास्त केसेस नळीतल्या (गर्भपिशवीला जोडलेल्या बीजनलिकेतल्या) असतात, ही जेमतेम १ टक्का, पण आईच्या जिवाला धोका नळीतल्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण वेळेत कळतच नाही. बहुतेकदा गर्भ आधी नळीतच असतो, नळी फुटते किंवा तो टोकातून बाहेर सटकतो आणि पोटाच्या अस्तरावर, आतड्यावर, पिशवीच्या मागच्या खोलगट जागेत, क्वचित लिव्हरवरही चिकटून वाढतो, ही दुय्यम. पहिल्यापासून बाहेरच रुजलेली प्राथमिक फारच दुर्मिळ, तिचे निकष स्टडिफोर्ड या डॉक्टरने १९४२ मध्ये दिले.

लक्षणं फसवी असतात. पोट सारखं दुखतं, मळमळ, उलट्या, थोडं अंगावरून जातं, आता हे तर कुठल्याही गरोदर बाईला होऊ शकतं ना! पण बाळ हललं की कळ येते, बाळ कायम आडवं किंवा तिरकं, हाताला त्याचे अवयव अगदी कातडीखाली असल्यासारखे लागतात, गर्भाशयाचं तोंड भलतीकडे सरकलेलं, आणि कळांचं इंजेक्शन देऊनही पिशवी आवळतच नाही, असं दिसलं तर शंका घ्यायलाच हवी.

निदानाचं मुख्य साधन सोनोग्राफीच, पण बघायचं काय हे माहीत पाहिजे. ठोके दिसले, वाढ दिसली, रिपोर्ट नॉर्मल, इथेच घोळ होतो, कारण बाळाकडेच सगळ्यांचं लक्ष आणि त्याच्या भोवती पिशवीची स्नायूची भिंत आहे का हे कोणी बघत नाही. बाळ आणि लघवीची पिशवी यांच्यामध्ये ती भिंत दिसली नाही, रिकामी गर्भपिशवी बाजूला वेगळी दिसली, वार (बाळाला पोसणारी, नाळेने जोडलेली प्लासेंटा) गर्भपिशवीबाहेर दिसली, गर्भजल कमी असलं तर प्रकरण गंभीर आहे. सगळ्यात सोपं जातं ते सुरुवातीच्या आठवड्यांत, टेस्ट पॉझिटिव्ह आणि पिशवी रिकामी असं असेल तर तिथेच थांबून नळ्या आणि आजूबाजूचं सगळं नीट बघायचं. दिवस वर गेले की बाळ एवढं मोठं होतं की पिशवी शोधणंच अवघड, आणि बऱ्याच केसेस थेट सिझरच्या टेबलावर, पोट उघडल्यावरच कळतात.

गर्भ आतच मेला आणि कोणाला कळलंच नाही तर कधीकधी त्यावर कॅल्शियम साचून तो दगडासारखा होतो. २०१४ मध्ये नागपुरात एका साठीच्या बाईच्या पोटातून ३६ वर्षांपूर्वीच्या गर्भाचा सांगाडा काढला होता, तिला पोटदुखीसाठी आणलं होतं.

शंका असेल तर एमआरआय करतात, तो मुख्यतः वार नेमकी कशाला चिकटलीय हे कळायला, कारण ऑपरेशनमध्ये खरी भीती तिचीच. आतड्यावरची किंवा मोठ्या रक्तवाहिनीवरची वार ओढायला गेलं तर रक्तस्राव आवरत नाही, म्हणून बऱ्याचदा नाळ बांधून वार आतच सोडतात. मग बीटा एचसीजी (गरोदरपणात रक्तात वाढणारं हार्मोन) हळूहळू उतरतं, आत पू होण्याची भीती असते, त्यामुळे तपासण्या पुढे महिनोनमहिने चालू ठेवाव्या लागतात.