लँडलाइनची तार की केबलवाल्याची? घरगुती ब्रॉडबँडची पार्श्वभूमी

२००५ ते २०१५ या दहा वर्षांत मुंबई-पुण्यात घरी ब्रॉडबँड घ्यायचं ठरलं की विचारणा बहुतेक दोन ठिकाणी व्हायची: टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, नाहीतर केबलवाल्याकडे. अमेरिकेत 'केबल की डीएसएल', म्हणजे टीव्हीच्या केबलवरून की टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट, ही दोन तंत्रांची तुलना होती. आपल्याकडे खरा प्रश्न असा असे, की घरापर्यंत आलेली तार कोणाची, ती कुठून कशी ओढलेली आणि बिघडली तर कोण येणार. त्यातून 'केबल नेट' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जात.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सुरू केलं आणि १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवाने मिळू लागले, पण घरात पोचायची वाट डायल-अपचीच राहिली. वेग जास्तीत जास्त ५६ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट), फोन तेवढा वेळ अडकलेला आणि इंटरनेटच्या तासांखेरीज लोकल कॉलचं बिल वेगळं.

ऑक्टोबर २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएस आणि कायम चालू असलेल्या जोडणीला 'ब्रॉडबँड' म्हटलं. पुढच्याच जानेवारीत बीएसएनएलचं 'डेटावन' आणि एमटीएनएलचं 'ट्राय बँड' आलं. २५६ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ३२ किलोबाइट. पाच एमबीचं गाणं उतरायला पावणेतीन मिनिटं. डेटा मोजून मिळे. म्हणून बीएसएनएलच्या ज्या प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ मोफत असे, त्यावर लोक गजर लावून डाउनलोड सुरू करत.

त्या धोरणात एक गोष्ट राहून गेली. एक्स्चेंजपासून घरापर्यंतची तांब्याची जोडी दुसऱ्या कंपन्यांनाही भाड्याने द्यावी, अशी ट्राय या दूरसंचार नियामकाची २००४ची शिफारस होती. सरकारने ती सक्तीची केली नाही. आपसात करार करायचा तर करा, एवढ्यावर सोडलं. त्यामुळे बीएसएनएल-एमटीएनएलच्या तांब्यावर स्पर्धा कधी उभीच राहिली नाही आणि बहुतेक खासगी कंपन्यांना घरात शिरायला केबलवाल्याची गच्ची तेवढी उरली. आमच्या मते पुढचं सगळं बरंवाईट इथून सुरू होतं. धोरणाचं लक्ष्य २०१० पर्यंत २ कोटी ग्राहकांचं होतं. त्या वर्षाअखेर आकडा १ कोटी १० लाखांच्या आसपास होता.

डीएसएलची करामत अशी, की आवाजाला लागतात पहिले ४ किलोहर्ट्‌झ आणि त्याच तारेचा वरचा पट्टा मोकळाच पडलेला असतो. एडीएसएल हा डीएसएलचा घरगुती प्रकार साधारण २५ ते १३८ किलोहर्ट्‌झमध्ये घरातून डेटा वर पाठवतो आणि तिथून ११०४ पर्यंत खाली आणतो. एडीएसएल२+ ही त्याची पुढची आवृत्ती हीच हद्द २२०८ पर्यंत नेते. कागदावर २४ एमबीपीएस. पण वरच्या फ्रिक्वेन्सी अंतराबरोबर झपाट्याने विरतात. दीड किलोमीटरच्या आत पंधरा-वीस एमबीपीएस, तीन किलोमीटरला आठच्या आसपास आणि पाचच्या पुढे एक-दोन मिळाले तरी खूप. हे अंतर तारेचं. एक्स्चेंज खिडकीतून दिसत असलं तरी जोडी आधी पिलरला (रस्त्यावरची पेटी), मग डीपीला (तारा वाटणारी छोटी डबी), मग इमारतीत अशी फिरून येते आणि एकाचे तीन किलोमीटर होतात.

म्हणून ज्याला कळायचं तो प्लॅनचा वेग न विचारता ब्राउझरमध्ये मॉडेमचं पान उघडायचा: १९२.१६८.१.१, त्यात डीएसएल स्टेटस. ॲटेन्युएशन, म्हणजे तारेत सिग्नलची होणारी घट, ३० डेसिबलच्या आत असेल तर लाइन उत्तम, ५५च्या वर गेलं तर अंतरच जास्त, तक्रार करून उपयोग नाही. एसएनआर मार्जिन, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे त्यातली शिल्लक, ६ डेसिबलच्या खाली आलं की डीएसएलचा दिवा मधूनच लुकलुकायला लागतो आणि जोडणी तुटते. अंतर तेच असताना मार्जिन अचानक पडलं, तर दोष जोडणीत. पावसाळ्यात खड्ड्यातल्या जॉइंटमध्ये पाणी जातं, डीपीमधल्या स्क्रूवर हिरवा गंज चढतो, डीपीपासून घरापर्यंतची ड्रॉप वायर पत्र्यावर घासून सोलली जाते. फोनवर खरखर ऐकू येत असेल तर लाइनमनला आधी तेच सांगायचं; 'नेट स्लो आहे' म्हटलं की तो मॉडेम रीसेट करून जातो.

घरातली सर्वांत सामान्य चूक स्प्लिटरची, म्हणजे फोन आणि डेटा वेगळे करणाऱ्या डबीची. लाइन, फोन आणि मॉडेम अशी तीन भोकं असलेली ती डबी तार घरात येते तिथे लावायची असते. पण स्वयंपाकघरातला पॅरलल फोन डबीच्या आधीच जोडलेला असे, आणि फोन वाजला की नेट जाई. पॅरलल फोन काढून पाहिला की निदान दोन मिनिटांत व्हायचं.

आता केबल. १९९१च्या आखाती युद्धानंतर घराघरांत पसरलेलं केबलचं जाळं टीव्ही दाखवण्यासाठी होतं, म्हणजे एकेरी. डिशपासून निघालेली कोॲक्स (टीव्हीची जाड केबल) गच्चीगच्चीवरून, झाडावरून, विजेच्या खांबावरून जाई आणि सिग्नल क्षीण झाला की मध्ये ॲम्प्लिफायर. केबल मॉडेमला मात्र परतीची वाट लागते, ५ ते ६५ मेगाहर्ट्‌झमधली. त्यासाठी प्रत्येक ॲम्प्लिफायर दुतर्फी हवा, जवळच्या नोडपर्यंत, म्हणजे जिथून कोॲक्स फुटते त्या पेटीपर्यंत, फायबर हवं. हॅथवेसारख्या कंपन्यांनी मुंबई-पुण्याच्या काही भागांत हे केलं.

त्यात खोट अशी, की परतीच्या वाटेवर सगळ्या घरांचा गोंगाट एकाच ठिकाणी गोळा होतो. एका घरात सैल एफ-कनेक्टर (केबलचं स्क्रूचं टोक) किंवा टोपण न लावलेला टॅप (फाटा देणारी डबी) असला तरी अख्खी गल्ली अडखळते. घरातला केबलचा प्रत्येक दुहेरी स्प्लिटर साडेतीन डेसिबल खातो; टीव्हीसाठी एकामागे एक दोन लावले की मॉडेमला सात डेसिबल कमी. मॉडेमच्या पानावर खाली येणारा सिग्नल शून्य डीबीएमव्हीच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आसपास असावा आणि वर जाणारा ५०च्या वर गेलेला नसावा. वर जास्त म्हणजे मॉडेम ओरडून बोलतोय. शिवाय ८ मेगाहर्ट्‌झच्या एका चॅनेलमधले सुमारे ५० एमबीपीएस शेजारी वाटून घेतात, म्हणून रात्री नऊला वेग बसतो.

ज्यांना इतका खर्च नको होता, म्हणजे बहुतेक केबलवाल्यांना, त्यांनी कोॲक्सला हातच लावला नाही. त्यांनी कॅट-५, म्हणजे संगणकाच्या जाळ्याची आठ तारांची केबल, ओढली. इमारतीच्या जिन्यात प्लॅस्टिकच्या डब्यात आठ पोर्टचा स्विच (अनेक घरांच्या केबल एकत्र जोडणारं यंत्र), त्याला जिन्याच्या मीटरवरून वीज आणि पुढच्या गच्चीपर्यंत शंभर मीटरची हद्द सांभाळत दुसरा स्विच. हेच ते लोकप्रिय 'केबल नेट', आणि त्यात केबल मॉडेम नव्हताच! जोडणी लॅपटॉपच्या मॅक पत्त्याला, म्हणजे त्याच्या कायमच्या ओळख-क्रमांकाला, बांधलेली असे. लॅपटॉप बदलला की केबलवाल्याला फोन. एका इमारतीची वीज गेली की पुढच्या चार इमारतींचं नेट जाई. जूनच्या पहिल्या गडगडाटात पोर्ट जळत, कारण गच्चीवरची उघडी तार विजेचा झटका थेट स्विचपर्यंत आणे. तरी लोक हे घेत. डेटा मोजला जात नसे, आणि बिघडलं तर मुलगा संध्याकाळपर्यंत येई.

पुढे २०१२-१३ मध्ये मुंबई, मग पुणे, नाशिक, नागपूर यांसारख्या शहरांत केबल डिजिटल करणं सक्तीचं झालं. जाळं सुधारावंच लागलं आणि डॉक्सिस ३.० या केबल इंटरनेटच्या नव्या मानकाचे मॉडेम चार-चार चॅनेल जोडून डीएसएलला मागे टाकू लागले. ब्रॉडबँडची व्याख्याही २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस झाली. तोवर दोन्ही बाजूंनी फायबर आलं होतं.

आजही जुन्या इमारतीत 'केबल नेट' देऊ करणाऱ्याला घरात कोणती तार आणणार ते विचारा. दोन पदरांची बारीक तार म्हणजे डीएसएल. जाड काळी, स्क्रूचं टोक असलेली म्हणजे कोॲक्स. आठ तारांची निळी किंवा राखाडी म्हणजे जिन्यातला स्विच. हिरव्या टोपणाचा पातळ धागा असेल तर तो फायबर, आणि मग वर लिहिलेल्या डेसिबलांतलं काहीच लागू होत नाही.