ट्विस्टेड रिब की बेबी केबल? दोन्हीला आपण ‘पिळाची बॉर्डर’च म्हणतो

मागच्या आठवड्यात नागपुरात बर्डीच्या बाजारात लोकर घ्यायला गेले होते, तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका ताईंनी मोबाईलवर टोपीचा फोटो दाखवला आणि म्हणाल्या, “चार दिवस झाले ही पिळाची बॉर्डर करून राहिली मी, पण असा पीळ काही येऊनच नाही राहिला.” फोटो मोठा करून पाहिला तर ती बेबी केबल होती, आणि ताई घरी विणत होत्या ट्विस्टेड रिब. हात त्यांचा एकदम साफ होता, पण विणायचं होतं एक आणि विणत होत्या दुसरंच. नावामुळे हा घोळ इतक्या जणींचा होतो की म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

साधी रिब तर सगळ्यांना येते, एक सुलट एक उलट नाहीतर दोन-दोन, सुलटच्या उभ्या ओळी वर येतात, उलटच्या मागे जातात आणि बॉर्डर आक्रसून मनगटाला, कमरेला धरून बसते. ट्विस्टेड रिब आणि बेबी केबल दोन्ही हिच्यातूनच निघतात. फरक एवढाच की ट्विस्टेडमध्ये एकच टाका स्वतःभोवती पीळ खातो, आणि बेबी केबलमध्ये दोन टाके एकमेकांवरून जागा बदलतात.

ट्विस्टेडला करायचं काय तर सुलट टाका समोरून न उचलता मागच्या बाजूने सुई घालून विणायचा, उलट टाका नेहमीसारखाच. जवळून बघा, साध्या सुलट टाक्याचे दोन पाय V सारखे मोकळे असतात, ट्विस्टेडमध्ये तेच पाय खाली एकमेकांवर चढतात, मांडी घातल्यासारखे. त्यामुळे उभी ओळ बारीक, ताठ आणि उठून दिसते, पण दोरीसारखा पीळ लांबून कधीच दिसणार नाही! गोल सुईवर विणत असाल तर प्रत्येक फेरीत सुलट मागून, बस. दोन सुयांवर विणत असाल तर उलट्या बाजूच्या ओळीत उलट टाकापण मागूनच विणावा लागतो, तो जरा हात वाकडा करून विणावा लागतो, कंटाळा आला तर फक्त सुलट्या बाजूला पीळ द्या, अर्धा पीळ येतो आणि तोही छान दिसतो.

आता एक गोष्ट जी कुणी सांगत नाही आणि जिच्यापायी बॉर्डरी उसवल्या जातात. आपल्याकडे बऱ्याच जणी उलट टाका विणताना धागा सुईवर सोप्या बाजूने घेतात, त्यांना तशीच सवय असते, चूक काहीच नाही. पण तसं केलं की पुढच्या ओळीत तो टाका सुईवर उलटा बसलेला असतो, त्याचा पुढचा पाय मागे गेलेला असतो, आणि असा टाका मागून विणला की पीळ पडायच्या ऐवजी तो सरळच होतो. मग बाई म्हणते मी तर सगळं मागूनच विणलं! अशांनी समोरून विणायचं, पीळ आपोआप पडतो. पॅटर्नमध्ये काय लिहिलंय ते राहू द्या, सुईवर टाका कसा बसलाय ते आधी पाहा.

बेबी केबलसाठी टाके चारच्या पटीत आणि वर दोन, म्हणजे समजा 82. पहिली ओळ दोन उलट दोन सुलट, शेवटी दोन उलट, दुसरी जशी दिसेल तशी, म्हणजे सुलट दिसेल तिथे सुलट, उलट दिसेल तिथे उलट. तिसऱ्या ओळीत गंमत आहे, दोन सुलट टाके एकत्र सुलट विणा पण डाव्या सुईवरून सोडू नका, उजवी सुई त्या दोघांच्या मधून घालून पहिला टाका परत एकदा सुलट विणा आणि मग दोन्ही सोडा. चौथी परत दुसरीसारखी. वेगळी केबलची सुई लागत नाही. 16 ओळींच्या बॉर्डरमध्ये चार पीळ येतात आणि सुतळीसारखी बारीक दोरी उभी राहते, हाच तो फोटोतला पीळ.

ताईंना मी एकच विचारलं, टोपीची बॉर्डर दुमडणार का? हो म्हणाल्या. मग बेबी केबल उलट्या बाजूने विणायला लागेल, कारण दुमडल्यावर आतली बाजू बाहेर येते आणि आतून ती जवळजवळ साधी दोन-दोनची रिबच दिसते. माझ्या भाच्याच्या टोपीला मी हीच चूक केली होती, सगळे पीळ कपाळाला लागून आत. ट्विस्टेड दुमडायची असेल तर सोपं आहे, सम टाके घ्या आणि दोन सुयांवर दोन्ही बाजूंनी ‘एक सुलट मागून, एक उलट’ असंच विणत जा, दोन्हीकडून सारखी दिसते.

कुठे कोणती वापरायची याबद्दल माझं मत पक्कं आहे. आपल्या नागपुरात 29 डिसेंबर 2018 ला पारा 3.5 वर गेला होता हे खरं, पण तशी थंडी रोज थोडीच असते, त्यामुळे मी सुती धाग्याचं हाफ स्वेटर जास्त विणते, आणि सुती धाग्यात साधी रिब चार धुण्यांत लोंबते कारण त्या धाग्यात लोकरीसारखा लवचिकपणाच नसतो. तिथे ट्विस्टेड. घट्ट बसते, आकार धरून ठेवते. पण ताणली कमी जाते म्हणून लहान मुलाच्या डोक्यावरून घालायच्या गळ्याला नको, तिथे बेबी केबल नाहीतर साधीच रिब, आणि टाके सैल हाताने बंद करा. बॉर्डरला सुया स्वेटरच्या अंगाला घेतो त्यापेक्षा बारीक घ्यायच्या हे दोन्हीला लागू, अंग नऊ नंबरवर तर बॉर्डर अकरावर (आपल्याकडे नंबर मोठा तर सुई बारीक). आणि ॲक्रिलिकच्या बॉर्डरीवर गरम इस्त्री फिरवू नका, एकदा चपटी झाली की ती रिब परत आक्रसत नाही, मग ट्विस्टेड असो की केबल.