रणात उठलेला बांध

16 जून 1819 च्या संध्याकाळी कच्छ हादरलं. भुजमध्ये घरांखाली सापडून शेकडो माणसं गेली, तिकडे अहमदाबादेत जामा मशिदीचे मिनार पडले. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत भूकंपमापक यायला अजून जवळपास 80 वर्षं होती. तरी भूवैज्ञानिक आज या भूकंपाची तीव्रता 7.7 ते 8.2 सांगतात. कशावरून?

मुख्यतः जमिनीवरून. सिंधूच्या पूर्वेकडच्या एका फाट्यावर सिंद्री नावाचा छोटा किल्ला होता. तो भाग खचला, समुद्राचं पाणी आत शिरलं आणि घरांचे, तटाचे नुसते माथे वर उरले. एकच बुरूज धड राहिला. माणसं त्यावर चढली आणि पुढे होड्यांतून सुटली. उत्तरेला आठेक किलोमीटरवर मात्र कच्छच्या रणात, त्या सपाट खाऱ्या माळावर, नवाच उंचवटा उठला होता: सुमारे 80 किलोमीटर लांब, काही ठिकाणी 6 मीटरपर्यंत उंच. लोक त्याला अल्ला बंध म्हणू लागले. त्याची दक्षिण बाजू उभी, तर उत्तरेचा उतार इतका मंद की चालताना कळूही नये. म्हणजे प्रस्तरभंगाच्या (जमिनीखालच्या खडकांतल्या सरकणाऱ्या भेगेच्या) उत्तरेचा भूभाग दक्षिणेच्या भागावर चढला होता. प्रस्तरभंग किती लांब फाटला, किती खोल गेला आणि किती सरकला, यांच्या गुणाकारातून तीव्रता काढता येते. लांबी आणि उंची डोळ्यांना दिसते. खोली आणि भेगेचा कल मात्र अंदाजाने धरावे लागतात. एकच आकडा मिळत नाही तो त्यामुळे.

दुसरा आधार कागदांचा. भुजचा ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, कॅप्टन मॅकमर्डो याने भूकंपाचा वृत्तांत लिहिला, तो मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापला. कुठे काय पडलं यावरून धक्क्याचे नकाशे करता येतात, पण मला ते जपूनच वापरावेसे वाटतात. लिहिणारे साहेब छावण्यांत आणि शहरांत. सगळ्यात जोराचा धक्का बसला ते रण जवळजवळ निर्मनुष्य. तिथली पत्रं कोण लिहिणार?

1826 मध्ये सिंधूच्या पुराने अल्ला बंध मधोमध कापला आणि आतले मातीचे थर उघडे पडले.

26 जानेवारी 2001 ला कच्छ पुन्हा हादरलं, तेव्हा जगभरच्या यंत्रांनी नोंद घेतली आणि काही तासांत तीव्रता जाहीर झाली. त्या वेळी प्रस्तरभंग मात्र पृष्ठभागापर्यंत आलाच नाही. शास्त्रज्ञ दिवसचे दिवस कच्छमधल्या भचाऊच्या आसपास हिंडले, पण अल्ला बंधासारखं काही त्यांना सापडलं नाही.