तारण, मुक्ती आणि कृपा : मराठी मंडळीतल्या तीन शब्दांची पार्श्वभूमी

मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेनंतर साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, उभी राहिलेली बाई 'माझं तारण अमुक साली झालं' असं म्हणते, तेव्हा बाकावर बसलेल्यांना त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. मंडळीबाहेरच्या माणसाला मात्र तारण म्हटलं की पतसंस्थेच्या दारावरची 'सोनेतारण कर्ज' ही पाटी आठवते. एकच शब्द दोन्हीकडे कसा राहिला, हे समजून घेतलं तर मराठी ख्रिस्ती माणूस देवाच्या कृपेबद्दल जे रोज बोलतो त्यातलं बरंच उलगडतं.

ख्रिस्ती शिकवणीसाठी मराठी शब्द शोधण्याची सुरुवात गोव्यात झाली. १६१६ साली राशोलला छापलेल्या ओवीबद्ध पुराणात एका इंग्रज जेझुइटाने, म्हणजे कॅथलिक संघातल्या धर्मगुरूने, स्वर्गाला सरळ 'वैकुंठ' म्हटलं होतं. ऐकणाऱ्यांच्या कानात जे शब्द आधीपासून होते, तेच त्याने उचलले.

एकोणिसाव्या शतकात भाषांतरकारांनी वेगळी वाट धरली. नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या ख्रिस्तानंतरच्या भागाचं, पहिलं मराठी रूप १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरहून (नगर जिल्ह्यातलं नव्हे) निघालं. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, त्यांचा नवा करार १८२६ मध्ये आला आणि १८४७ पर्यंत सगळं बायबल मराठीत झालं. या लोकांना वैकुंठ चालणार नव्हतं. मग अडचण उभी राहिली ती मोक्षाची. मोक्ष म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आलाच, आणि तो साधनेने, ज्ञानाने किंवा भक्तीने मिळवायचा. बायबलातल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत तर नेमकं उलट सांगितलेलं : माणूस स्वतःला सोडवू शकत नाही, दुसऱ्याने येऊन त्याला वाचवावं लागतं.

हिंदी बायबलने यासाठी 'उद्धार' घेतला. मराठीत तो टिकला नाही याचं मला समाधान वाटतं. आपल्याकडे कोणी कोणाच्या आईबापाचा उद्धार केला म्हणजे काय झालं, हे सांगायला नको. हिंदीने कृपेसाठी 'अनुग्रह' घेतला. मराठीत अनुग्रह गुरू देतो; कान फुंकतो, नाममंत्र देतो. त्यामुळे पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं ते प्रसिद्ध वचन हिंदीत अनुग्रह आणि उद्धार असं आलं, तर मराठीत 'कृपेनेच तुमचे विश्वासाच्या द्वारे तारण झालेले आहे' असं.

तारण हा घरचा शब्द होता. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणताना कुठल्याही धर्माचा माणूस अडखळत नाही. पुरात सापडलेल्याला तारतात आणि बुडणाऱ्याला तारतात, आणि दोन्हीकडे हात दुसऱ्याचाच असतो. कृपेची शिकवण एवढ्या नेमकेपणाने मोक्षात बसली नसती, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी मुक्तीला दार बंद झालं नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात ख्रिस्त 'पुष्कळांच्या मुक्तीसाठी' आपला जीव 'खंडणी' म्हणून देतो. इफिसकरांस पत्रात 'खंडणी भरून मिळवलेली मुक्ती' आहे. म्हणजे मराठी बायबलात तारण हे एकूण वाचवणं, आणि मुक्ती म्हणजे दाम मोजून केलेली सोडवणूक. हा फरक किती प्रवचनकार पाळतात कोण जाणे. खंडणी या शब्दाचं तर फारच वाईट झालं. आजच्या तरुणाला त्यातून गुंडाचा फोन ऐकू येतो, आणि त्या वचनावर बोलणाऱ्याची पहिली पाच मिनिटं तो अर्थ पुसण्यात जातात.

तारणाचा पतसंस्थेतला अर्थ मात्र उपयोगी पडलेला मी ऐकला आहे. नगरकडच्या एका खेड्यात, पत्र्याच्या ख्रिस्ती देवळात, म्हाताऱ्या उपदेशकाने विचारलं होतं : पेरणीसाठी पाटल्या तारण ठेवल्यात ना? हप्ते थकले, व्याज चढलं, आता तुमच्याने सुटत नाहीत. कोणीतरी गुपचूप जाऊन सगळी रक्कम भरली आणि पाटल्या तुमच्या ओट्यात आणून टाकल्या, तर त्याला काय म्हणाल? पुढच्या रांगेतल्या बाया पदराने डोळे पुसत होत्या. व्याकरणदृष्ट्या हे दोन तारण वेगळे आहेत अशी हरकत एका शिक्षकाने नंतर घेतली. हरकत बरोबर होती. पण त्या बायांना कृपा म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं होतं.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला या शब्दांत जीव आला. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या, पुढे नगरला राहिलेल्या एका कवीने ख्रिस्ताला गुरुमाउली म्हटलं. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं तो सांगत असे. त्याची भजनं आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. त्याच सुमारास संस्कृत पंडिता असलेल्या एका विदुषीने दुष्काळातून वाचवलेल्या मुलींसाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घर उभारलं आणि नाव ठेवलं 'मुक्ती'. खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल तिने मूळ भाषांवरून केलं. ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

१९०५ साली केडगावला संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, झालं. मुली रात्ररात्र रडत प्रार्थना करत होत्या. जिथे जिथे संजीवनाची ही लाट पोचली, तिथे साक्षीला आणि तारणाच्या तारखेला वजन आलं. जुन्या मिशनच्या मंडळ्यांत लहानपणी बाप्तिस्मा, मोठेपणी दृढीकरण (विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी), अशी संथ रीत होती. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मंडळीत आलेल्या मांग-महार कुटुंबांच्या नातवंडांना कुठली तारीख सांगता येणार? 'पोटासाठी आले' हे टोमणे त्यांनी आधीच ऐकले होते. आता 'तुमचं तारण झालंय का?' हा प्रश्न आपल्याच माणसांकडून आला.

१९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र आल्या, तेव्हाही हा प्रश्न मिटला नाही. घराघरांतल्या प्रार्थनासंगती वाढल्या तसा तो वाढलाच. पवित्र शास्त्र दोन्ही बाजूंना आधार देतं. एकीकडे 'तारण झालेले आहे', करिंथकरांस 'तारणप्राप्ती होत आहे', आणि फिलिप्पैकरांस तर 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या'. झालं, होतंय, साधायचंय, हे तिन्ही काळ एकाच प्रेषिताचे आहेत. एकाच काळावर बोट ठेवून दुसऱ्याचा विश्वास मोजणं मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या आजीला एका पाहुण्या उपदेशकाने ओसरीवर बसून तारणाची तारीख विचारली होती. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली, पाण्याचा हात पदराला पुसला आणि म्हणाली, "तारीख नाही बाबा ठाऊक. पण सकाळी जाग आली की त्याच्या कृपेनं आली म्हणते. दुष्काळात सासऱ्यानं म्हटलं, तेच मी म्हणते." मग तिने त्याला ताट वाढलं आणि जेवणाआधीची प्रार्थना त्यालाच करायला सांगितली.