उन्हाळ्यात मोजलेला सडा

प्रकल्पाच्या पर्यावरणीय मंजुरीआधी होणारी जनसुनावणी म्हणजे मतदान, असा समज कोकणात खोल रुजला आहे. प्रत्यक्षात १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार तेथे कौल घेतलाच जात नाही. मांडलेल्या हरकती इतिवृत्तात नोंदवल्या जातात, ते इतिवृत्त सभेतच स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते आणि महत्त्वाच्या पर्यावरणीय हरकतींची दखल प्रकल्पकर्त्याला अंतिम अहवालात घ्यावी लागते. म्हणून कार्यकर्त्यांचे प्रशिक्षण पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाचा परिसरावर काय परिणाम होईल हे सांगणाऱ्या अहवालातील एका दुर्लक्षित प्रकरणापासून सुरू व्हावे, असे मला मनापासून वाटते. ते प्रकरण म्हणजे परिसराच्या सद्यःस्थितीची मोजमापे.

ती कोणत्या महिन्यांत घेतली, हे प्रथम पाहावे. बहुतेक प्रकल्पांना पावसाळा वगळून एका ऋतूची मोजमापे चालतात, आणि कोकणातला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस तर जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच पडतो. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी माडबनला झाली ती १६ मे २०१० रोजी. त्या दिवसांत कोणताही सडा, म्हणजे कोकणातले खडकाळ पठार, काळाठिक्कर आणि निर्जीव दिसतो.

हा सडा जांभ्याचा असतो. मूळ खडकातील सिलिका लाखो पावसाळ्यांनी धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहिली व खडक सच्छिद्र झाला. पावसाचे पाणी या छिद्रांतून आणि भेगांतून झरझर खाली उतरते. परंतु जांभ्याखाली चिकणमातीसारखा थर असतो, तेथे ते अडते, आडवे वाहू लागते आणि उताराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पायथ्याच्या वाडीतील विहिरी, पोफळीच्या बागा आणि पऱ्हे, म्हणजे ओहोळ, त्यावर जगतात. चिऱ्यांसाठी जांभा खणला की ही साठवण जाते, काँक्रीट घातले की मुरण्याची वाट बंद होते, आणि सड्यावर सांडपाणी सोडले तर मातीतून गाळले न जाताच ते विहिरीकडे निघते. एप्रिलमध्ये तपासलेल्या पाण्याच्या एका नमुन्यात ही वाट दिसत नाही. त्याच महिन्यात सड्यावर फुलणाऱ्या दीपकाडी या वनस्पतीचे कंदही जमिनीखाली असल्यामुळे वनस्पतींच्या यादीत येत नाहीत आणि जागेला ‘पडीक’ म्हणणे सोपे जाते.

याला उत्तर द्यायचे तर स्वतःच्या नोंदी हव्यात. तळहातावर नारळ ठेवून पाणी सांगणाऱ्या पाणाड्याची साक्ष येथे उपयोगाची नाही, कारण ती दुसऱ्या कुणाला तपासून पाहता येत नाही. विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंत किती दोर लागला, झरा कधी फुटला, कधी आटला, हे तारखेसह वहीत लिहावे, विहिरी नकाशावर दाखवाव्यात, अहवालातील नमुन्यांची ठिकाणे त्यांच्याशी ताडून पाहावीत आणि हरकत लेखी द्यावी. जाहीर सूचनेनंतर मात्र किमान ३० दिवसांचीच हमी असते, आणि तेवढ्यात पावसाळा मोजून होत नाही. त्यामुळे वही प्रकल्पाची कुणकुण लागताच, पहिल्या जूनपासून उघडलेली असावी लागते.